आईसाठी व्हॅनमधला प्रवास सुखाचा करायचाय. आधी काय करू: एसी, टॉयलेट की सोलर?

ओवळेकर
२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड कॅम्पर घेतली. मूळ गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेस. आधीच्या मालकाने आरटीओतून कॅरव्हॅन म्हणून नोंद करून घेतली आहे, त्यामुळे कागदपत्रं चोख आहेत. ड्रायव्हरच्या मागे दोघांची बेल्टवाली सीट, मग ओटा, सिंक, वर कपाटं आणि अगदी मागे आडवा पलंग.

मी, बायको आणि मुलगा भंडारदरा, वाई, तारकर्ली फिरून आलो. आमचं कसंही भागतं. प्रश्न आईचा आहे. वय ७४, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा कुरकुरतोच आहे. तिचं माहेर गुहागरजवळ. दिवाळीत तिला मोठ्या हौसेने व्हॅनमधून नेलं. मागच्या पलंगावर दोन गाद्या, लोड, उशा, सगळी व्यवस्था केली. पेण मागे पडलं तशी ती बोलायची थांबली. माणगावला चहाला थांबलो तर म्हणाली, "तुम्ही या पिऊन, मी बसते इथेच." पुढे चिपळूणपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. घरी पोचल्यावर दोन दिवस कंबर शेकत होती. परत येताना मामेभावाने तिला ट्रेनने आणलं.

मला हे फार लागलं. गाडी घेतली तीच मुळी तिला माहेरी नेता यावं म्हणून. आता शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा तिला तिथे असायचंय. हातात महिना-सव्वा महिना आणि तीन लाख रुपये आहेत. यादीत एसी, टॉयलेट, सोलर आणि लिथियम बॅटरी, नवीन शॉक अॅब्सॉर्बर असं सगळं आहे. तीन लाखांत सगळं बसणार नाही. आधी काय करू?

लिंबूटिंबू
२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

एसी. डोळे झाकून एसी. मार्चमधला चिपळूणचा उकाडा वयस्कर माणसाला सोसत नाही. बाकी सगळं नंतर बघा.

तारवाला
३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

लिंबूटिंबू, डोळे उघडून जरा हिशोब बघू या.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला ९००-१,००० वॅट ओढतो, गार झालं की ५००-६०० वर येतो. रात्रीचे आठ तास धरले तर चार-पाच युनिट. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १.२८ युनिट. म्हणजे फक्त एसीसाठी चार बॅटऱ्या, वर मोठा इन्व्हर्टर, जाड केबल. आणि ते भरायचं कशाने? छतावर ४०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं, तेही गाडी उन्हात उभी ठेवलीत तर. उन्हात गाडी उभी करायची आणि तिला गार करायला तेच ऊन वापरायचं, हे गणित या तीन लाखांत जमत नाही.

मुक्कामाच्या घरी १५ अँपिअरचा प्लग मिळणार असेल तर एसी जरूर लावा आणि फक्त प्लगवर चालवा. मात्र व्हॅनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय बाहेरची वीज आत घेऊ नका, आणि त्या प्लगला अर्थिंग खरंच आहे का ते टेस्टरने बघूनच वायर जोडा. गावाकडच्या बऱ्याच घरांत प्लगला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते.

(तुर्भ्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून एवढं लिहिलं.)

सानपाड्याची_सुगरण
३ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

ओवळेकर, तुम्हीच लिहिलंय आणि तुमच्याच नजरेतून सुटलंय. "चिपळूणपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही." का घेतला नाही असं वाटतं? तहान नव्हती म्हणून?

माझ्या सासूबाई अश्शाच करायच्या. पनवेल सोडलं की पाणी बंद. हायवेवरच्या ढाब्यांच्या मागे जे काय असतं तिथे त्यांना जायचं नसायचं, आणि उकिडवं बसता येत नाही हे मुलाला सांगायची लाज. एकदा उन्हाळ्यात महाडला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलात. मग कळलं आम्हाला. बाईमाणसासाठी टॉयलेट ही चैन नाही. ते पहिलं करा.

मेतकूट
३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

सुगरणताईंना +१००. माझी आईपण हेच करते, आणि मला आज हा धागा वाचून कळलं. संध्याकाळी विचारणार आहे तिला.

घाटवेडा
३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

एक प्रश्न. आई प्रवासभर मागच्या पलंगावरच होत्या? आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर काय होतं?

ओवळेकर
३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

हो, पलंगावर. आडवं होता यावं, आराम मिळावा म्हणून. सीटवर सामान होतं. बॅगा, तांदळाची गोणी, फराळाचे डबे.

घाटवेडा
३ फेब्रुवारी, दुपारी २:२५

मग कंबरेचं कारण सापडलं. रागावू नका, प्रेमानेच केलंत, पण गाडीतली सगळ्यात त्रासाची जागा आईंना दिलीत आणि सगळ्यात चांगली जागा तांदळाला.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कोकणात गेलेल्या कोणालाही विचारा. मागच्या चाकाच्या मागे जो भाग लोंबतो, तिथला माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो. चाक जेवढं उचललं जातं त्यापेक्षा जास्त तो भाग उचलला जातो, सीसॉच्या टोकासारखा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध हे सगळ्यात कमी जाणवतं. ट्रॅव्हलरला मागे बराच भाग चाकाबाहेर आहे आणि तुमचा पलंग नेमका तिथे. त्यात माणूस आडवा असला की पाय टेकवून, हाताने धरून धक्का झेलता येत नाही. सगळा धक्का पाठीच्या कण्यातून जातो.

दुसरं म्हणजे सुरक्षितता. चालत्या गाडीत पलंगावर झोपलेल्या माणसाला बेल्ट नसतो. परशुराम घाटात समोर म्हैस आली आणि करकचून ब्रेक लागला तर ते माणूस ओट्यावर येऊन आदळेल. पलंग गाडी उभी असतानाच.

आईंना बेल्टवाल्या सीटवर बसवा. पाठीमागे लाकडी भुसा भरलेला लोड नको, कंबरेच्या बाकात बसेल एवढी छोटी उशी पुरे. पायाखाली पाट ठेवा, पाय लोंबकळता कामा नयेत. यात एक पैसा खर्च नाही.

कळव्याचे_काका
३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

घाटवेड्याशी सहमत. आता माझं ऐक. (तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस, एकेरीत लिहितो.)

गाडी एकदा वजनकाट्यावर घे. कळंबोलीत ट्रक टर्मिनलजवळ मिळेल, भिवंडीलाही आहेत. प्रवासाला निघताना असते तशी भरून ने. पाण्याची टाकी भरलेली, सिलेंडर, भांडी, माणसं, सगळं. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागचं चाक काट्यावर ठेवून दुसऱ्यांदा. आणि आरसीवर कमाल किती लिहिलंय ते बघ. जुन्या कॅम्परमध्ये सुतार घरातल्यासारखं १८ मिमी प्लाय लावतो. ८ बाय ४ ची एक शीट पस्तीसेक किलोची असते. सहा शीट लागल्या तर दोनशे किलो झाले, माणूस बसायच्या आधीच. पाणी तर लिटरला किलो, त्यात सूट नाही.

सर्किट_हाऊस
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काका, एक शंका. वजन कमी केलं तर पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) उलट जास्त कडक लागतील ना? रिकामा टेम्पो जास्त आपटतो, भरलेला मऊ चालतो.

कळव्याचे_काका
३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

बरोबर प्रश्न. रिकामा टेम्पो आपटतो ते खरं. पण ही गाडी रिकामी कधीच होणार नाही. तीन-चारशे किलो लाकूड-लोखंड तिच्यात कायमच राहणार. इथे धोका दुसऱ्या टोकाचा आहे. पाटे आधीच बसलेले, त्यात खड्डा आला की खाली रबरावर ठोकर बसते. त्या ठोकरीनेच कंबर जाते. आणि वजन कुठे आहे हेही बघ. मागे, उंचावर, छताजवळ असेल तर गाडी घाटात डुलते. म्हाताऱ्या माणसाला मळमळते ती या डुलण्याने. कोणी मळमळल्याचं सांगत नाही, गप्प बसतं.

आणि टायरची हवा. पंपावर पोरगा विचारतो किती, आपण सांगतो भर कडक. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी भर, टायर थंड असताना. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर बदल, नाही तर हात लावू नको.

ओवळेकर
३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

काका, "गप्प बसतं" वाचलं आणि काटा आला. ती पेणनंतर गप्प झाली होती. रविवारी काट्यावर जातो.

जुना_कारकून
४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

वायरिंग आणि लाकूडकाम सुरू करण्याआधी कायद्याची बाजू सांगतो. या क्षेत्रात नोकरी केली आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. तुमची नोंद कॅरव्हॅन म्हणून झालेली आहे ही मोठी जमेची बाजू. तरी आसनसंख्या वाढवणं, छताची उंची वाढवणं, बॉडी कापून खिडकी पाडणं या गोष्टी आरटीओला विचारल्याशिवाय करू नका. तुमचा क्रमांक एमएच-०४ असेल तर ठाणे, एमएच-४३ असेल तर वाशी. आतली गादी, पडदे, पंखा यासाठी कोणी अडवत नाही. पण गॅस, मोठी बॅटरी, एसी बसवलात तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा. आग लागल्यावर दावा नाकारायचं पहिलं कारण तेच असतं.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते मुख्यतः व्यवसायासाठी आहे. खासगी गाडीला वरचे नियमच लागू.

लिंबूटिंबू
४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

अवांतर: ही एवढी मोठी गाडी तुम्ही सोसायटीत लावता कुठे? आमच्या ऐरोलीत साध्या एसयूव्हीवरून मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं.

ओवळेकर
४ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

बेसमेंटच्या उतारावर तुळई आडवी येते, उंची बसत नाही. गेटजवळच्या मोकळ्या जागेत लावतो, दोन गाड्यांचं भाडं भरतो. पहिल्या महिन्यात तक्रारी झाल्या. मग पावसाळ्यात लिफ्ट बंद होती तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दोन रात्री व्हॅनमध्ये झोपायला दिलं, त्यानंतर कोणी काही बोललेलं नाही. सेक्रेटरीच मुलांना घेऊन आत बसायला येतात.

सर्किट_हाऊस
४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

ठाण्यात वन बीएचकेच्या भावात दीड बीएचके मिळाला म्हणायचं सोसायटीला!

मेतकूट
४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आईला विचारलं. सुगरणताई, तुम्ही म्हणालात तेच. वीस वर्षं पुण्याला जाताना ती पाणी पीत नाही. वीस वर्षं. आणि मी दर वेळी तिच्यासाठी बाटली घेतो आणि ती भरलेली परत आणतो.

असो. उकाड्याबद्दल लिहितो, कारण त्यात मी दोन उन्हाळे घालवलेत. एसीशिवाय बरंच काही होतं. सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. आतलं छत उतरवून पत्र्याला थेट १९ मिमी नायट्राइल रबर फोम चिकटवा, एकही फट न ठेवता. थर्माकोल अजिबात नको, पेटतं. पुढच्या काचेवर चंदेरी पडदा आतून न लावता बाहेरून लावा. आतून लावला तर काच तापून उष्णता आत येऊन चुकलेलीच असते. छताला १२ व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खिडकी चार बोटं उघडी, जाळीसह. पलंगावर २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास चालला तर पाव युनिटपेक्षा कमी खातो. तारवालांच्या पाच युनिटांशी तुलना करा.

आणि पलंगाची फळी सलग असेल तर ती काढून पट्ट्या लावा, मधे दोन बोटं अंतर ठेवून. आमच्या पट्ट्या नव्हत्या. गणपतीत गादी उचलली तर खालची बाजू काळी ठिपकेदार, हाताला ओली, आणि वास असा की ती गादी तिथेच टाकून द्यावी लागली. झोपलेल्या माणसाच्या श्वासाघामातून रात्रभरात पेलाभर पाणी निघतं आणि ते गादीखाली जाऊन गार फळीवर बसतं. कोकणात तर बघायलाच नको.

ओवळेकर
८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

काट्यावर जाऊन आलो. काका, पायाला हात लावतो. पूर्ण भरलेली गाडी आरसीवरच्या कमाल वजनाच्या जेमतेम ६० किलो खाली, आणि हे आई आणि दिवाळीच्या सामानाशिवाय. म्हणजे दिवाळीत आम्ही मर्यादेच्या वर होतो. मागच्या चाकावरचा भार तर ठरलेल्यापेक्षा जास्तच निघाला.

घरी येऊन वरची कपाटं उघडून बघितली. १८ मिमी, आत-बाहेर सनमायका. एकात दीड वर्षात एकदाही न काढलेलं पाच लिटरचं कुकर, पोळपाट, लोखंडी तवे. मुलाबरोबर बसून सगळं काढलं, बाथरूमच्या वजनकाट्यावर एकेक ठेवलं. नुसती न लागणारी भांडीकुंडी आणि हत्यारं ४७ किलो भरली. पाण्याची टाकी १२० लिटरची, तीही मागच्या चाकाच्या मागे. आता अर्धीच भरणार. वरची तीन कपाटं काढून त्या जागी कॅनव्हासच्या पिशव्या करायला दिल्यात. ओट्याखाली ९ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) छापलेला.

तारवाला
८ फेब्रुवारी, रात्री ९:००

छान. आता कपाटं उघडीच आहेत तर आतली वायरिंग बघून घ्या. का ते सांगतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत, धंद्यात नवीन असताना, २,००० वॅटचा इन्व्हर्टर ६ चौरस मिमीच्या तारेवर जोडला होता. दिवे, पंखा, मोबाइल, सगळं व्यवस्थित. कसारा घाट चढून वर थांबलो, बायकोने इंडक्शनवर चहा ठेवला. तीन मिनिटांत मासळीसारखा वास. तसाच वास येतो तापलेल्या इन्सुलेशनचा, एकदा घेतला की विसरत नाही. सीट उचलली, तारेला हात लावला आणि बोटाला प्लास्टिक चिकटून आलं. बॅटरीच्या टोकाचा लग (तारेच्या टोकाला बसवतात ती धातूची टोपी) तपकिरी पडलेला. मधे फ्यूज नव्हता. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी हे लिहायला नसतो.

घरात १,००० वॅटला साडेचार अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर तेच ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून ९५ च्या आसपास. मोठ्या इन्व्हर्टरला ३५ चौरस मिमीच्या खाली जाऊ नका, लांबी शक्य तेवढी कमी ठेवा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. लग हातोडीने ठोकून नव्हे, हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. आणि लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज करतो त्याला) जोडू नका, ती मिळेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर तापतो. मधे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाका. ठाणे ते गुहागर पाच तास गाडी चालली तरी त्यातून पावणेदोन-दोन युनिट भरतात. तुम्हाला सोलरची गरजच नाही या प्रवासाला. एक १०० अँपिअर-तासाची बॅटरी, पंखे, दिवे आणि कंप्रेसरवाला छोटा फ्रिज, एवढं आरामात.

सानपाड्याची_सुगरण
८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

गॅसचंही बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, वर नव्हे. पाच किलोचा छोटा सिलेंडर पुरतो. होज पाच वर्षं झाली की बदलायची, वर वर्ष छापलेलं असतं. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, हे मुलाच्या अंगवळणी पाडा. मी तर जमेल तेव्हा बाहेर ताडपत्रीखाली शेगडी मांडते. मुगाच्या डाळीची खिचडी, मेतकूट (धाग्यावरचे नव्हेत), पापड. अर्ध्या तासात जेवण.

आता टॉयलेटबद्दल. मोठं फिट करू नका. २० लिटरच्या खालच्या टाकीचं पोर्टेबल येतं, दोन माणसांना तीन-चार दिवस जातं. भरलं की घराच्या कमोडमध्येच ओतायचं, ओढ्यात किंवा झाडीत कधीही नाही. पण त्याची उंची कमी असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्यावरून उठता येत नाही. खाली पक्का चौथरा करून उंची वाढवा, बाजूला दांडी. आणि पडदा जाड, पूर्ण खालपर्यंत.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. आठवडा झाला, आपण आठ-नऊ लोक आईंबद्दल बोलतोय. आईंना विचारलंत का?

ओवळेकर
९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आज विचारलं. जेवणं झाल्यावर तिच्यासमोर सगळी यादी वाचली. एसी, टॉयलेट, सोलर, फ्रिज. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं बरं आहे रे. पण मला गाडीत चढता-उतरता येईल असं काही होतंय का?"

मी म्हटलं चढवतो ना मी तुला. तर म्हणाली, "तू चढवतोस, बगलेत हात घालून. चार माणसं बघत असतात. म्हणून मी उतरत नाही माणगावला."

खाली जाऊन टेप घेऊन मोजलं. जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंत ४३ सेंटिमीटर. आमच्या जिन्याची पायरी १६. तिला गाडीपाशी घेऊन गेलो आणि नुसतं बघत राहिलो ती काय करते ते. तिने डावा हात दाराच्या कडेला लावला, तिथे धरायला काही नाही, गुळगुळीत पत्रा. मग सीटच्या पाठीकडे हात नेला, पोचला नाही. मग माझ्याकडे बघितलं. हे मी दीड वर्ष रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

पहिली पायरी. बाकी सगळं त्यानंतर.

कळव्याचे_काका
९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

वा. आता लाग कामाला. दोन पायऱ्यांची घडीची शिडी करून घे, चेकर्ड प्लेटची, पत्र्याला नव्हे तर चॅसिसच्या कंसाला बोल्ट मारून. पत्रा वाकतो. प्रत्येक चढ १५ च्या आत ठेव. दाराच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी, स्टीलची, ३२ मिमी जाडीची म्हणजे म्हाताऱ्या मुठीत नीट बसते. चकचकीत पॉलिश नको, ओल्या हाताने सटकते, वर रबरी ग्रिप चढव. वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनवाले आहेत, एका दिवसाचं काम. आईंना सोबत घेऊन जा, दांडीची उंची त्यांच्या हाताने ठरव.

घाटवेडा
९ फेब्रुवारी, रात्री ११:२५

आणि एक रात्र आधी झोपून बघा, थेट गुहागर नको. माळशेजला एमटीडीसीच्या आवारात, आधी फोन करून. दोन तासांवर आहे, काही बिनसलं तर घरी येता येतं. आई रात्री उठल्या तर अंधारात हात कुठे जातो ते बघा, तिथे दिवा लावा.

जुना_कारकून
१० फेब्रुवारी, सकाळी ८:४०

शिडी निघताना पूर्ण आत गेली पाहिजे. बाहेर आलेली पायरी रस्त्यावरच्या दुचाकीवाल्याच्या पायाला लागते. हे विसरू नका.

मेतकूट
२४ मार्च, रात्री ९:००

धागा वर काढतोय. ओवळेकर, शिमगा झाला. आई गेल्या का?

ओवळेकर
२५ मार्च, रात्री ११:००

गेली. परवा आलो. मेतकूट, आठवणीने विचारलंत, बरं वाटलं.

आधी माळशेजला एक रात्र झोपलो. तिथे कळलं की पलंगाची उंची ६० सेंटिमीटर आहे आणि तिचे पाय टेकत नाहीत. घरी येऊन पलंगाचे पाय कापून ४६ केली. पट्ट्या लावल्या. रात्री ती उठली तेव्हा तिचा हात ओट्याच्या कडेवर गेला, तिथे खाली छोटा पिवळा दिवा लावलाय, डोळ्यावर येत नाही.

शिमग्याला पहाटे साडेचारला निघालो. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, बेल्ट लावून, पायाखाली पाट. पेणला बोलत होती. कोलाडला पाणी मागितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघं काही बोललो नाही. माणगावला थांबलो. मी मुद्दाम गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. शिडी खाली झाली, दांडी धरली, डावा पाय, उजवा पाय, डावा, उजवा. चहाच्या टपरीवर बाकावर जाऊन बसली आणि तिथल्या बाईला विचारत होती की भजी आजची का. कशेडीच्या बोगद्यातून जाताना मात्र घाबरून माझ्या खांद्याला धरलं, इतका मोठा बोगदा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. पोचल्यावर शेकायची पिशवी काढली नाही. पालखी अंगणात नाचवली तेव्हा ओटीवर उभी होती, तासभर.

हिशोब: शिडी आणि दांड्या, छताचा फोम, छतपंखा आणि पलंगाचा पंखा, एक लिथियम आणि डीसी-डीसी चार्जर, नवीन केबल, पोर्टेबल टॉयलेट चौथऱ्यासह, प्लायचं काम. तीन लाखांतले निम्म्याहून थोडे जास्त गेले. शॉक अॅब्सॉर्बर बघितले, ओघळ नव्हता, तसेच ठेवले. एसी नाही लावला. दुपारी गाडी आंब्याखाली लावली की पंख्यावर भागलं, मात्र मे महिन्यात काय होईल ते माहीत नाही. लिंबूटिंबू, तेव्हा तुमचा सल्ला परत विचारेन.

लिंबूटिंबू
२५ मार्च, रात्री ११:१५

नक्की विचारा. आणि तो टपरीवाल्या बाईंचा पत्ता टाका, भजी खायला जातो.

तारवाला
२६ मार्च, सकाळी ७:०५

ओवळेकर, शिडी बाहेर राहिली असताना गाडी सुरू केली तर समजतं का? बझर लावलाय?

ओवळेकर
२६ मार्च, सकाळी ७:३०

नाही लावला. मुलगा उतरून बघतो दर वेळी. एकदा संगमेश्वरकडे जाताना विसरलो होतो, नशिबाने पार्किंगमध्येच लक्षात आलं.

तारवाला
२६ मार्च, सकाळी ७:४०

मुलावर ठेवू नका. शिडीच्या बिजागराजवळ मायक्रोस्विच, इग्निशनच्या लाइनवरून बझर, अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी सकाळी तुर्भ्याला या, स्विच माझ्याकडे पडलेत दोन. मजुरी घेणार नाही.

ओवळेकर
२६ मार्च, सकाळी ८:१०

येतो. आई पण येते म्हणतेय. दहापर्यंत पोचू.